नदीचा तळ पाहिलेला माणूस

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर बोट ठेवून तुम्ही मिसिसिपी नदीच्या ओघाबरोबर उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात, तर वाटेत पश्चिमेकडून मिसुरी नावाची दुसरी थोर नदी तिला येऊन मिळालेली दिसेल. या संगमाच्या काही मैल खाली, पश्चिम तीरावर सेंट लुइस हे शहर वसलेले आहे. इ. स. १७६४ मध्ये पिएर लाक्लेद नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी येथे एक ठाणे घातले. त्या ठाण्याचे मोठे शहर झाले ते नदीमुळे. १८१७ साली पहिली आगबोट तेथे येऊन लागली. तोपर्यंत वल्ह्यांच्या आणि दोरांच्या बळावर प्रवाहाविरुद्ध नाव ओढीत आणायला महिनोन्‌महिने लागत. आता तोच प्रवास काही दिवसांत होऊ लागला.

सेंट लुइसच्या भरभराटीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. शहराच्या खाली नदी खोल, तेथे मोठ्या आगबोटी चालत. वरच्या अंगाला पाणी उथळ, तेथे लहान बोटीच चालू शकत. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सहून आलेली साखर, कॉफी, कापड हा माल येथे एका बोटीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. आणि वरून येणारे शिसे, कातडी, गहू, तंबाखू, ताग यांचीही तीच गत. माल एकदा धक्क्यावर उतरला म्हणजे त्याला हमाल हवा, वखार हवी, अडत्या हवा, विमा उतरवणारा हवा. बोटीला सुतार आणि लोहार हवा. खलाशांना खाणावळ हवी. माल नुसता या बोटीतून त्या बोटीत जाई आणि त्यावर सारे शहर जेवी. ओझी वाहणाऱ्यांत आयर्लंड आणि जर्मनीहून आलेले गरीब लोक असत, तसेच गुलामगिरीत जखडलेले निग्रो मजूरही असत. कारण मिसुरी राज्यात त्या काळी गुलामगिरी कायद्याने मान्य होती. १८३० साली या गावाची वस्ती जेमतेम पाच हजार होती. १८६० साली ती एक लाख साठ हजारांवर गेली.

अशा या गावी १८३३ सालच्या सप्टेंबर महिन्यात एक आगबोट धक्क्याला लागत असतानाच पेटली. उतारूंमध्ये एक बाई, तिच्या दोन मुली आणि तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्यांचे प्राण वाचले, पण सामानसुमान सारे जळाले. मुलाचे वडील मागाहून यायचे होते. अंगावरच्या वस्त्रांनिशी ते कुटुंब परक्या गावी उतरले. हा मुलगा म्हणजे जेम्स ब्यूकॅनन ईड्स. त्याचा जन्म २३ मे १८२० रोजी इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग या गावी झाला होता.

आईने उतारूंसाठी खाणावळ उघडली. जेम्स रस्त्यावर सफरचंदे विकू लागला. शाळा सुटली ती कायमचीच. पुढे त्याला एका कापडाच्या दुकानात नोकरी मिळाली. दुकानाचे मालक विल्यम्स हे मोठे सहृदय गृहस्थ होते. मुलाला वाचनाची गोडी आहे हे ओळखून त्यांनी आपला खाजगी ग्रंथसंग्रह त्याला मोकळा करून दिला. दिवसभर ठाण उलगडायचे आणि रात्री यंत्रशास्त्राची, गणिताची पुस्तके वाचायची, असा क्रम काही वर्षे चालला. ईड्सचे कॉलेज म्हणतात ते एवढेच.

पुढे तो आगबोटीवर हिशेबनीस म्हणून लागला. येथे त्याला नदीची खरी ओळख झाली. मिसिसिपी ही मोठी लहरी नदी. पुरात ती काठची झाडे मुळांसकट उपटून नेते. ती झाडे तळाच्या गाळात रुततात आणि त्यांचे शेंडे भाल्यांसारखे पाण्याखाली उभे राहतात. वेगाने येणाऱ्या बोटीचा तळ त्यावर फाटला की काही मिनिटांत बोट मालासह बुडे. काही बोटी बाष्पकाचा स्फोट होऊन जात, काही आगीने जात. बहुतेक आगबोटींचे आयुष्य चार-पाच वर्षांपलीकडे जात नसे. शहराची संपत्ती अशी पाण्यावर तरंगत होती, आणि तिचा बराच मोठा भाग पाण्याखाली गेलेला होता! ती बुडालेली संपत्ती वर का काढू नये, असे ईड्सच्या मनात आले.

१८४२ साली, बाविसाव्या वर्षी, तो केस आणि नेल्सन या बोटी बांधणाऱ्या पेढीत गेला. जवळ दमडी नव्हती. होता तो एक नकाशा. बुडालेल्या बोटीवर नेऊन उभी करायची, पंप आणि उचलण्याची यंत्रे बसवलेली दुहेरी नौका त्याने कागदावर रेखाटली होती. पेढीवाल्यांनी नकाशा पाहिला, तरुणाकडे पाहिले, आणि बोट बांधून देऊन त्याला भागीदार करून घेतले.

ती बोट तयार होण्यापूर्वीच पहिले काम चालून आले. किओकक गावाजवळ जोरदार धारेत शिशाने भरलेला एक पडाव बुडाला होता. ईड्सने एक अनुभवी पाणबुड्या आणला. पण त्याचा पोशाख सरोवराच्या संथ पाण्यासाठी केलेला होता. येथील ओढीपुढे त्याचे पायच ठरेनात. तेव्हा ईड्सने गावातून दारूचे एक रिकामे लाकडी पिंप विकत आणले, त्याचा एक तळ काढला, काठाला शिशाची वजने बांधली, आत बसण्यास एक पट्टा लावला आणि वरून हवेची नळी सोडली. पालथा पेला सरळ पाण्यात दाबला तर आतली हवा आतच राहते, हे तुम्ही घरी करून पाहिले असेल. त्याच तत्त्वावर हे पिंप चालावयाचे होते. पाणबुड्या त्यात बसावयास तयार होईना, म्हणून ईड्स स्वतःच बसून तळाशी गेला. आणि मग शिशाच्या विटा एकामागून एक वर येऊ लागल्या.

त्यानंतर कित्येक वर्षे त्याने हेच काम केले. सेंट लुइसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत पन्नास मैलांचा असा एकही टप्पा नाही, की जेथे आपण तळावर उभे राहिलो नाही, असे तो पुढे सांगत असे. तेथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. गढूळ पाण्यात हातभरही दिसत नसे. हातापायांनी चाचपडतच त्याने नदीचा तळ जाणला. एकदा पुराच्या वेळी तो पासष्ट फूट खोल उतरला, तेव्हा त्याच्या पायांखालची वाळू स्थिर नव्हती. ती दाट हिमवर्षावाप्रमाणे प्रवाहाबरोबर धावत होती, आणि त्यात कंबरेपर्यंत पाय रोवले तरी ठाव लागत नव्हता. नदीला तळ म्हणून जो दिसतो तो तळच नव्हे, हे ज्ञान त्याला तेथे झाले. कोणत्याही ग्रंथालयात ते मिळाले नसते.

१८४५ साली त्याचे लग्न झाले. घरी राहता यावे म्हणून त्याने नदीचा धंदा सोडून काचेचा कारखाना काढला. तो साफ बुडाला आणि डोक्यावर पंचवीस हजार डॉलरांचे कर्ज झाले. नवल असे की, ज्यांचे पैसे बुडाले होते त्याच सावकारांनी त्याला आणखी दीड हजार डॉलर देऊन पुन्हा नदीवर पाठविले. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस म्हणून त्याची पत होती, असे म्हटले पाहिजे. १८४९ च्या मे महिन्यात सेंट लुइसच्या धक्क्यावर एका आगबोटीला आग लागली आणि वाऱ्याने ती पसरत जाऊन तेवीस बोटी जळाल्या. शहरातील शेकडो घरेही भस्मसात झाली. त्याच वर्षी पटकीने गावात हजारो माणसे मेली. त्या जळक्या बोटींचे सांगाडे उपसण्याचे काम ईड्सकडे आले. कर्ज फिटले, पैसाही जमला. पण १८५२ साली पटकीनेच त्याची पत्नी मार्था हिला नेले. पुढे त्याची प्रकृतीही ढासळली आणि १८५७ साली सदतिसाव्या वर्षीच त्याने धंद्यातून अंग काढून घेतले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लोखंडी चिलखताच्या लढाऊ नौका बांधण्याचा ठेका ईड्सने घेतला. मुदत अवघी पासष्ट दिवसांची! सुमारे चार हजार माणसे रात्रंदिवस राबली. ठरल्या दिवशी काम पुरे झाले नाही हे खरे, पण काही महिन्यांत सातही नौका पाण्यावर उतरल्या. सरकारकडून पैसे वेळेवर आले नाहीत. १८६२ च्या फेब्रुवारीत या नौकांनी दक्षिणेच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या, तेव्हा कागदोपत्री त्या अजून ईड्सच्याच मालकीच्या होत्या. या मोहिमेत किनाऱ्यावरील फौजेचा सेनापती होता युलिसिस ग्रँट. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे. (याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, मुंबईच्या कापूस बाजारात सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तेथील कित्येक पेढ्या बुडाल्या. हजारो कोसांवरच्या नदीत झालेल्या लढाईचे धक्के असे आपल्या दाराशी बसले होते.)

युद्धाने सेंट लुइसचे फार नुकसान केले. खालची नदी बंद झाली, धक्के ओस पडले. तिकडे उत्तरेस सरोवराकाठच्या शिकागो शहराने आगगाड्यांचे जाळे पसरले. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल १८५६ सालीच शिकागोच्या वाटेवर रॉक आयलंड येथे झाला होता. सेंट लुइसला पूर्वेकडून येणारी आगगाडी मात्र नदीच्या पूर्व काठावर थांबे. माल उतरवावा, होडीवर चढवावा, पलीकडे पुन्हा उतरवावा. उतारूंची नेआण करणाऱ्या कंपनीचा तेथे मक्ता होता. तिला हा क्रम सोयीचाच वाटे. थंडीत नदीवर बर्फाचे तुकडे वाहू लागले की तेही थांबे. ज्या उतरवण्या-चढवण्यावर शहर पोसले गेले, तेच आता त्याचा गळा आवळू लागले होते.

तेव्हा पूल बांधण्याचे ठरले आणि ते काम ईड्सकडे आले. त्याने आयुष्यात एकही पूल बांधलेला नव्हता! त्याच्या योजनेत तीनच कमानी होत्या: मधली ५२० फुटांची आणि बाजूच्या ५०२ फुटांच्या. एवढ्या लांबीची कमान अनेक नामांकित इंजिनियरांना धोक्याची वाटली. शिवाय ती पोलादाची करावयाची होती. पोलाद तोवर इतक्या मोठ्या पुलासाठी कोणी वापरलेले नव्हते. ईड्स प्रत्येक भाग यंत्रावर ताणून पाही आणि कमी पडला तर परत करी. ठेका घेणारी अँड्र्यू कार्नेगीची कंपनी या कसोट्यांनी अगदी टेकीला आली.

परंतु खरा प्रश्न पायाचा होता. वाळू किती खोलवर धावते हे ईड्सने स्वतःच्या पायांनी अनुभवले होते. म्हणून खांब थेट खडकावर उभे राहिले पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. आणि खडक तर नव्वद फुटांहून खोल होता. १८६९ च्या सुमारास त्याने फ्रान्समध्ये पाहिलेली रीत येथे योजली. तळ नसलेली प्रचंड लोखंडी पेटी नदीत पालथी बसवली; किओककच्या पिंपाचेच हे अवाढव्य रूप. पेटीवर दगडी खांब रचत जावयाचे, त्याच्या भाराने ती खाली जाणार; आत पंपाने दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवावयाचे, आणि मजुरांनी आत उभे राहून वाळू उपसावयाची. जसजशी खोली वाढेल तसतसा हवेचा दाबही वाढवावा लागे.

साठ फुटांपर्यंत काम नीट चालले. पुढे वर आलेल्या मजुरांना सांधे आणि पोट यांत असह्य कळा येऊ लागल्या, काहींचे पाय लुळे पडले. २८ फेब्रुवारी १८७० रोजी पूर्वेकडील खांबाची पेटी खडकाला टेकली. त्या दिवशी ईड्सचे वैद्य डॉक्टर जॅमिने पेटीत अडीच तासांहून अधिक वेळ थांबले आणि तीन-चार मिनिटांतच बाहेरच्या हवेत आले. घरी पोचतात न पोचतात तोच त्यांचे हातपाय आणि वाचाही काही काळ गेली. पुढच्याच महिन्यात मजूर मरू लागले. पूल पुरा होईतो डझनाहून अधिक माणसे या विकाराने दगावली.

कारण कोणालाच ठाऊक नव्हते. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. माणूस एकदम बाहेर आला की, सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे ते रक्तात उठतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले. माणसाला अगदी सावकाश बाहेर आणणे हाच त्यावर उपाय. ईड्स आणि जॅमिने यांनी अंदाजाने जे सुचले ते केले: कामाच्या पाळ्या तासावर आणि पुढे त्याहूनही कमी केल्या, रुग्णालय उभारले, दुबळ्या माणसांना आत जाण्यास मनाई केली, वर चढण्याचे श्रम पडू नयेत म्हणून पाळणा बसवला. पूर्व काठाजवळचा शेवटचा पाया याहूनही खोल होता, पण तेथे मृत्यू पुष्कळ कमी झाले. पहिल्या खांबाच्या वेळी मात्र हे ज्ञान नव्हते, आणि त्याची किंमत रोजंदारीच्या मजुरांनी दिली. पुलाच्या कौतुकाबरोबर हेही सांगितले पाहिजे.

१८७३ च्या सप्टेंबरात कमानीचे दोन अर्धे नदीवर एकमेकांसमोर येऊन ठेपले. उन्हाने पोलाद फुगले होते. शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. कामगारांनी कमानीला बर्फाने वेढून पाहिले, तरी व्यर्थ. ईड्स तेव्हा पैसा उभारण्यासाठी लंडनला होता. पण असा प्रसंग येईल हे जाणून त्याने मळसूत्राने लांबी कमीजास्त करता येईल असे तुकडे आधीच आखून ठेवले होते. ते बसविले आणि कमान जुळली.

त्याच सुमारास आगबोटवाल्यांनी तक्रार केली की, पुलाखालून आमच्या धुराड्यांना वाट राहत नाही. लष्करी इंजिनियरांच्या एका मंडळाने पुलाला वळसा घालणारा कालवा खणावा असे सुचविले. ईड्स राष्ट्राध्यक्षांकडे गेला. राष्ट्राध्यक्ष होते तेच युलिसिस ग्रँट! त्यांनी ते प्रकरण तेथेच मिटवून टाकले.

पुरता भरवसा नसलेल्या जागी हत्ती पाऊल टाकीत नाही, असा लोकांचा समज असे. म्हणून जून १८७४ मध्ये एका हत्तीला पुलावरून चालविण्यात आले. तो निर्धास्तपणे पलीकडे गेला. मग २ जुलै रोजी चौदा इंजिने एकदम पुलावर उभी करण्यात आली आणि ४ जुलै १८७४ या दिवशी मोठ्या मिरवणुकीने पूल खुला झाला.

पण धंद्याच्या दृष्टीने पूल सुरुवातीस अपेशीच ठरला. रेल्वे कंपन्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली, माल होड्यांवरूनच जात राहिला. वर्षभरातच पूल-कंपनीचे दिवाळे निघाले आणि व्याजासह सुमारे एक कोटी डॉलर गिळलेला तो पूल १८७८ साली वीस लाखांना लिलावात गेला. गाड्या पुढे धावू लागल्या, तोवर शिकागो फार पुढे गेले होते. १८८० च्या शिरगणतीत शिकागोची वस्ती पाच लाखांवर, तर सेंट लुइसची साडेतीन लाख भरली. शहर वाढले, कारखाने वाढले. पण माल आता रुळांवरून येई. धक्क्यावरच्या बोटींची रांग वर्षागणिक आखूड होत गेली.

ईड्सचे लक्ष तोवर नदीच्या मुखाकडे गेले होते. तेथे गाळ साचून पाणी आठ-नऊ फुटांवर आले होते आणि समुद्रातली जहाजे बाहेरच खोळंबत. शेतातला पाट अरुंद केला की पाणी जोराने धावते आणि तळाची माती आपणच वाहून नेते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. ईड्सने तेच केले. विलो झाडाच्या फांद्यांचे गादीसारखे थर दगडांनी दाबून त्याने समुद्रापर्यंत दोन समांतर बांध घातले. यश आले तरच सरकारने पैसे द्यावेत, अशी अट त्याने आपण होऊन मान्य केली होती. १८७५ साली काम सुरू झाले आणि १८७९ साली तेथे तीस फूट पाणी झाले. सेंट लुइसचे धान्य पुन्हा नदीने समुद्राकडे जाऊ लागले. १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला अल्बर्ट पदक दिले. ते मिळविणारा तो पहिला अमेरिकन.

अखेरची वर्षे त्याने एका अचाट कल्पनेपायी घालविली. मेक्सिकोच्या चिंचोळ्या भूभागावर रूळ टाकून अख्खी जहाजे गाड्यावर चढवावी आणि एका महासागरातून दुसऱ्या महासागरात न्यावी, असे त्याच्या मनात होते. पनामाच्या कालव्याशी त्याला स्पर्धा करावयाची होती. काँग्रेससमोर तो वारंवार ती योजना मांडत राहिला. पण प्रकृती साथ देईना. ८ मार्च १८८७ रोजी बहामा बेटांतील नासाऊ येथे त्याचा अंत झाला. देह सेंट लुइसला आणून पुरण्यात आला.

पूल अजून उभा आहे. आगगाड्यांची वाहतूक त्यावरून १९७४ साली थांबली. पण १९९३ पासून शहरातील हलक्या रेल्वेचे डबे त्याच्या खालच्या मजल्यावरून ये-जा करू लागले, आणि वरच्या रस्त्यावरून मोटारी जातात. खालून धान्याने भरलेले सपाट तळाचे पडाव, एकमेकांना जोडलेले, संथपणे न्यू ऑर्लिन्सकडे निघालेले असतात.